जुन्या प्रोग रॉक अल्बमचं ५.१ मिक्सिंग: मागच्या स्पीकरांच्या आधीचं काम

प्रश्न असा आहे: १९७० च्या आगेमागे आठ किंवा सोळा ट्रॅकवर रेकॉर्ड झालेल्या प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) अल्बमचं ५.१ मिक्स, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचं सराउंड मिक्स, करताना कोणता आवाज कोणत्या स्पीकरमध्ये ठेवायचा हे कसं ठरवतात? आणि इतकं सगळं हलवूनही तो अल्बम आपला जुना, ओळखीचाच कसा वाटतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातून निघतं. मूळ स्टिरिओ मिक्स आधी हुबेहूब उभं करायचं आणि मगच सराउंड उघडायचं. ब्रिटिश संगीतकार आणि मिक्सिंग इंजिनिअर स्टीव्हन विल्सनने २००९ पासून किंग क्रिम्सन आणि पुढे जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट यांच्या अल्बमांवर जे काम केलं, त्याचा पाया हाच आहे. मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेली मूळ टेप) हातात आल्याबरोबर मेलोट्रॉन (पट्टी दाबली की टेपवरचा स्वर वाजवणारं वाद्य) मागे आणि गिटार उजवीकडे असं सुरू केलं, तर पहिली पाच मिनिटं भारी वाटतं. पण ज्याने तो अल्बम तीस वर्षं ऐकलाय त्याला दुसऱ्याच कडव्यात कळतं की पियानोला तो इको नाही, शेवटचा फेड लवकर संपला आणि कोरस पूर्वीसारखा उसळत नाही.

सुरुवात टेपपासून. त्या काळात आठ ट्रॅक १ इंचाच्या टेपवर आणि सोळा व चोवीस ट्रॅक २ इंची टेपवर असत. टेप कोणत्या कंपनीची आणि कोणत्या सालची, हे डब्यावर आणि रीलवर बघून घ्या. सत्तरीच्या दशकातल्या अँपेक्स ४०६, ४५६ यांसारख्या मागून काळा लेप दिलेल्या टेपांचा बाइंडर (ऑक्साइड धरून ठेवणारा चिकट थर) हवेतला ओलावा शोषतो आणि चिकट होतो. अशी टेप तशीच लावली तर ती हेडवर किंचाळते आणि ऑक्साइड सोडत जाते. तिला आधी साधारण ५४ अंश सेल्सियसवर आठ तास किंवा त्याहून जास्त, हवा खेळत्या ओव्हनमध्ये भाजावं लागतं. २ इंची टेपला जास्त वेळ लागतो. त्यानंतर मिळणाऱ्या मुदतीत ट्रान्सफर उरकायचं. अ‍ॅसिटेटच्या (सेल्युलोजच्या) पायावरची जुनी टेप मात्र कधीही भाजू नका. ती आक्रसते, तिच्या कडा वळतात आणि मग ती कायमची गेली. जुने जोड कोरडे पडून सुटतात. ते मशीनवर सुटण्याआधीच हाताने तपासून नव्या स्प्लायसिंग टेपने बदलून घ्यावेत.

मशीन लावताना तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे इक्वलायझेशनचं मानक, म्हणजे रेकॉर्ड आणि प्लेबॅक करताना वरच्या-खालच्या स्वरांना दिलेला ठरावीक चढ-उतार. ब्रिटिश स्टुडिओंमध्ये १५ इंच प्रतिसेकंद वेगाला बहुधा आयईसी वक्र वापरत आणि अमेरिकेत एनएबी. आयईसी टेप एनएबी सेटिंगवर वाजवली तर वरच्या पट्ट्या सुमारे ३ डीबी चढतात आणि ५० हर्ट्झच्या खालचा बास पातळ होतो. ऐकताना हे ‘छान, स्वच्छ’ वाटतं आणि फसवणूक होते ती इथेच. दुसरी, अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपच्या तुलनेत हेडचा कोन. टेपच्या सुरुवातीला १० किलोहर्ट्झचा टोन असेल तर त्यावर कडेचे दोन ट्रॅक स्कोपवर जुळवा. टोन नसेल तर झांजांवर. तिसरी, डॉल्बी ए, म्हणजे हिस कमी करण्यासाठी रेकॉर्ड करतानाच आवाज एन्कोड करण्याची पद्धत. डब्यावर तशी खूण किंवा टेपवर तो लहरणारा ओळख-टोन असेल तर डीकोडरशिवाय ट्रान्सफर करू नका. टोनची पातळी मीटरवरच्या खुणेला नेमकी आणा. पातळी १-२ डीबी चुकली तरी हळू वाजलेल्या जागांचा पोत बिघडतो, आणि प्रोगमध्ये हळू जागाच जास्त. सगळे ट्रॅक एकाच वेळी, एकाच फेरीत, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर घ्या. हिस काढणं, हम काढणं हे सगळं नंतर.

आता या कामाचा सर्वांत नाजूक भाग: बाउन्स केलेली रीलं. आठ ट्रॅक भरले की त्यांतले सहा-सात मिसळून दुसऱ्या रीलच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत आणखी वाद्यं भरायची, अशी तेव्हाची पद्धत. किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम १९६९ साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकवर झाला आणि त्यातला मेलोट्रॉनचा थरावर थर अशाच उतरवण्यातून आला. शेवटच्या रीलवर ड्रम, बास आणि गिटार एकाच ट्रॅकमध्ये घट्ट झालेले असतील तर सराउंडमध्ये ते सुटे करायला जागाच नाही. म्हणून आधीची, बाउन्स होण्यापूर्वीची रीलं शोधायची आणि संगणकात नंतरच्या रीलशी जुळवायची.

जुळवताना आधार नेहमी नंतरच्या रीलचा घ्या. वरची वाद्यं कलाकारांनी त्या बाउन्सवर ऐकत वाजवलेली आहेत, म्हणून त्यांचा काळ तिथे बांधला गेलाय. दोन मशीनच्या वेगांत ०.१ टक्का फरक असला तरी दहा मिनिटांच्या गाण्यात ०.६ सेकंदाची तफावत पडते. पहिला आणि शेवटचा स्नेअरचा ठोका पकडून एकूण गुणोत्तर काढा आणि ते व्हेरिस्पीडने (वेग बदलून) लावा, टाइम-स्ट्रेचने (सूर तसाच ठेवून लांबी ताणून) नाही. टेपचा वेग बदलतो तेव्हा सूरही त्याच प्रमाणात सरकतो, त्यामुळे व्हेरिस्पीडने काळ आणि सूर दोन्ही एकदम जागेवर येतात. स्ट्रेच केलात तर सूर चुकलेलाच राहतो आणि झांजा पाणचट होतात. त्यानंतर वाक्यागणिक बारीक सरकवा, आणि काप शांत जागी घ्या. जुनी रील आणि बाउन्स एकत्र वाजवून ऐका. विमान डोक्यावरून गेल्यासारखा फ्लँजिंगचा आवाज आला की तुम्ही काही मिलिसेकंदांच्या आत आहात. तो फार सावकाश फिरायला लागला की पुरे. मग बाउन्सचा ट्रॅक म्यूट. तो थोडासा चालू ठेवण्याचा मोह टाळा, कारण वॉव-फ्लटरमुळे (टेपच्या वेगातल्या बारीक चढउतारांमुळे) दोन्हींतलं अंतर सतत हलत राहतं आणि ड्रमचं अंगच निघून जातं. अपवाद एकच: बाउन्स करतानाच कोणी थेट काही वाजवलं असेल, तर ते फक्त तिथेच सापडेल. म्हणून म्यूट करण्याआधी बाउन्स पूर्ण ऐका.

सोळा ट्रॅकच्या अल्बममध्ये दुखणं वेगळं असतं. येसचा १९७२ चा ‘क्लोज टू द एज’ अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत एडी ऑफर्डने रेकॉर्ड केला. अठरा मिनिटांचं शीर्षकगीत तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करून जोडलेलं आहे. अशा गाण्यात काही जोड मल्टिट्रॅकवर असतात आणि काही फक्त स्टिरिओ मास्टरवर, म्हणजे मिक्स झाल्यावर ब्लेडने कापलेले. दुसऱ्या प्रकारचे जोड मल्टिट्रॅकवर दिसतच नाहीत. तिथे तुकडा लांब असतो, टेक वेगळाच असतो किंवा क्रम निराळा. त्यामुळे मास्टर ऐकत प्रत्येक जोड टिपून त्याचा नकाशा करावा लागतो. जोडाच्या क्षणी इको अचानक तुटतो किंवा हिसची पातळी बदलते, त्यावरून तो ओळखू येतो. असा तुटलेला इको पुन्हा तसाच तोडायचा की वाहू द्यायचा, हा निर्णय जाणूनबुजून घ्या. कित्येकदा त्या धक्क्यातच त्या जागेचा जोर असतो.

आता स्टिरिओची पुनर्रचना. तुलनेला मूळ मास्टरचं फ्लॅट (काहीही बदल न केलेलं) ट्रान्सफर घ्या, नंतरची जोरकस रीमास्टर सीडी नको. ते प्रोजेक्टमध्ये एका जोडट्रॅकवर ठेवा, आपल्या मिक्सशी पातळी जुळवा आणि एका बटणावर अदलाबदल करत राहा. माझा क्रम असा: आधी पॅन, मग ड्रम-बास, मग इतर पातळ्या, मग रिव्हर्ब, मग इक्यू आणि शेवटी फेडरच्या हालचाली.

पॅन सोपं जातं, कारण त्या काळी बरंच काही सरळ डावं, मधलं किंवा उजवं असे. रिव्हर्बसाठी एक युक्ती फार कामाची आहे. मूळ मिक्समध्ये एखादी गिटार पूर्ण डावीकडे असेल तर उजवा चॅनेल एकटा ऐका. तिथे गिटार नसते, तिचा फक्त रिव्हर्ब ऐकू येतो. तो किती उशिरा सुरू होतो, किती सेकंदांत विझतो, किती गडद आहे, सगळं तिथे उघडं पडतं. बहुतेक वेळा तो ईएमटी १४० प्लेटचा असतो, म्हणजे साधारण एक बाय दोन मीटरचा ताणलेला पोलादी पत्रा. पत्र्याकडे जाण्यापूर्वी आवाज टेप मशीनमधून फिरवून उशीर घालत असत. रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधलं अंतर २ इंच धरलं तर १५ इंच वेगाला हा उशीर १३३ मिलिसेकंद होतो आणि साडेसात इंचाला २६७. प्लग-इनमध्ये अंदाजाने ८० किंवा १०० टाकण्यापेक्षा आधी हे दोन आकडे लावून बघा. बऱ्याचदा तिथेच कुलूप उघडतं.

टेपवरच छापलेले इफेक्ट, म्हणजे विकृत केलेला आवाज, लेस्ली (गरगर फिरणारा) स्पीकर, फझ, यांना हात लावायचा नाही. मोनो लेस्लीला नकली स्टिरिओ केलं की त्याचं गरगरणं खोटं वाटतं.

सफाई करताना आवरतं घ्या. ‘वन, टू’ची मोजणी, अँपचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट (तिकडेही वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची), खुर्चीची करकर हे सगळं मूळ मिक्सच्या वेळी इंजिनिअर म्यूट बटणाने झाकत असे, तेवढं तुम्हीही झाका. पण ड्रमच्या माइकमध्ये शिरलेली गिटार गेटने कापू नका. ते ब्लीड त्या खोलीचा आवाज आहे. ते काढलंत की ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे वाजतात. शेवटचा फेडही मोजून घ्या: कोणत्या ठोक्याला ३ डीबी, कोणत्या ठोक्याला १० डीबी खाली. कानाने हाताळलेला फेड नेहमी लवकर संपतो.

इथपर्यंत आलात की मिक्स मूळ स्टिरिओशी अगदी लगटून चालायला हवं. बटण दाबल्यावर फरक कळतो तो फक्त हिस कमी झाल्याचा आणि वाद्यांच्या कडा स्पष्ट झाल्याचा. आता सराउंड.

खोलीची मांडणी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीप्रमाणे ठेवा: पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे ११० अंशांच्या आसपास, सगळे ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर. −२० डीबीएफएसच्या पिंक नॉइजने (कसोटीसाठीच्या एकसारख्या खळखळाटाने) पाचही स्पीकर सारख्या पातळीला आणा. चित्रपटगृहाच्या पद्धतीत मागचे चॅनेल ३ डीबी खाली बसवतात. संगीतात ते चालत नाही. ते तसंच राहून गेलं तर तुम्ही नकळत मागचे फेडर वर ढकलता आणि घरी ऐकणाऱ्याच्या मानेवर ऑर्गन बसतो.

कुठे काय ठेवायचं याचा पहिला नियम कानाच्या रचनेतून येतो. पुढच्या दोन स्पीकरांच्या मध्ये आवाजाची प्रतिमा घट्ट उभी राहते. पुढच्या डाव्या आणि मागच्या डाव्याच्या मध्ये ती राहत नाही. डोकं जरा हललं की आवाज एका स्पीकरला जाऊन चिकटतो. म्हणून बाजूच्या भिंतीवर ‘अर्धं-अर्धं’ ठेवलेलं वाद्य फसतं. वाद्य एकतर पुढे ठेवा, नाहीतर सरळ मागच्या स्पीकरमध्ये, आणि त्याचा रिव्हर्ब समोरच्या कोपऱ्यात सोडा. हालचाल करवायची असेल तर ती एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्या ठिकाणी संपू द्या. मधेच थांबवू नका.

ड्रम, बास आणि मुख्य गाणारा पुढे. आठ ट्रॅकच्या अल्बममध्ये ड्रम एक-दोन ट्रॅकवरच असतात, त्यामुळे ते पसरवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्याभोवतीची हवा तेवढी मागे सोडता येते. मुख्य आवाज फक्त सेंटरमध्ये कोरडा ठेवू नका. घराघरांतला सेंटर स्पीकर बाकीच्यांपेक्षा लहान असतो, आणि एकट्या सेंटरमधला आवाज बँडपासून तुटतो. सेंटरमध्ये मुख्य आणि डाव्या-उजव्यात ४ ते ६ डीबी खाली तोच आवाज, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी जमते. डाव्या-उजव्यात त्याहून जास्त दिलंत तर बाजूला बसणाऱ्याला कॉम्ब फिल्टरिंगचा (एकच आवाज थोड्या वेळाच्या फरकाने दोनदा पोहोचल्याचा) पोकळ आवाज येतो.

मागे काय जातं? ज्याला मूळ स्टिरिओमध्ये गर्दीत जागा मिळत नव्हती ते. मेलोट्रॉन, दुसरी गिटार, कोरस, तालवाद्यांचे बारीक तुकडे, सिंथचे लांब स्वर. ‘क्लोज टू द एज’च्या संथ भागात जॉन अँडरसनच्या ओळींवर क्रिस स्क्वायर आणि स्टीव्ह हाउ यांच्या वेगळ्या ओळी चालतात. मूळ रचनेतच सवाल-जवाब आहे, म्हणून पुढे एक आणि मागे दुसरं ही वाटणी तिथे संगीतातूनच येते. त्याच भागातला, लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये रेकॉर्ड केलेला पाइप ऑर्गन चारी बाजूंनी यायला हरकत नाही, कारण खरा ऑर्गनही वास्तूभर घुमतो. जिथे रचना अशी हाक देत नाही तिथे मागचे स्पीकर नुसत्या हवेवर ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. उलट मोठा कोरस येईपर्यंत मागचे चॅनेल राखून ठेवले तर तो आल्यावर खोली उघडते. पहिल्या सेकंदापासून सगळं वापरलं तर चाळीस मिनिटं नुसती सपाट जातात.

मेलोट्रॉनबद्दल थोडं जास्त. तो मोनो असतो, प्रत्येक पट्टीखाली सुमारे आठ सेकंदांची टेप, आणि तिच्यासोबत तिचा हिस. स्टिरिओ मिक्समध्ये तो हिस झांजांखाली दडतो. मागच्या स्पीकरमध्ये एकटा ठेवला की तो उघडा पडतो आणि वाजणं थांबलं तरी चालूच राहतो. उपाय म्हणजे प्रत्येक वाक्याच्या आगेमागे हाताने फेड. नॉइज रिडक्शन नको, कारण त्यात तंतुवाद्यांचा तो खरखरीत दाणाच विरघळतो. दुसरी अडचण: एकच मोनो ट्रॅक दोन्ही मागच्या स्पीकरांत सारखा दिला तर तो डोक्याच्या आत वाजतो. दोन ओव्हरडब असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच असेल तर एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला फक्त त्याची प्लेट. मागच्यासाठी प्लेटची दुसरी प्रत लावा, तिचा विझण्याचा वेळ किंचित वेगळा आणि प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) २० ते ३० मिलिसेकंद जास्त. पुढचाच रिव्हर्ब मागे कॉपी केला तर सगळं मधोमध गोळा होतं.

बाससाठी एलएफईची (सबवूफरच्या वेगळ्या चॅनेलची, म्हणजे ५.१ मधल्या ‘.१’ची) गरज जवळजवळ नसते. त्या अल्बमांत ३० हर्ट्झच्या खाली फारसं काही नाही, आणि मुख्य चॅनेलचा खोल भाग श्रोत्याच्या यंत्रातलं बास मॅनेजमेंट आपोआप सबवूफरकडे वळवतं. एलएफई वाजताना इतर चॅनेलपेक्षा १० डीबी जोरात वाजतो, हे विसरून टाकलेला किक ड्रम सगळं बुडवतो. शिवाय स्टिरिओ डाउनमिक्समध्ये (सगळे चॅनेल दोनांत मिसळताना) एलएफई सहसा गाळला जातो. म्हणून जे फक्त तिथे आहे ते काहींना ऐकूच येणार नाही. डाउनमिक्स स्वतः तपासा: सेंटर −३, मागचे −३, एलएफई बंद. तो मूळ मिक्सपासून फार लांब गेला असेल तर मागचे चॅनेल जास्त झालेत असं समजा.

मास्टरिंगमध्ये लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) टाळा. पाच चॅनेलमध्ये जागा भरपूर आहे. पुढच्या तिघांवर लागलेला लिमिटर मागच्यांना मोकळं सोडतो आणि प्रत्येक स्नेअरला खोलीचा तोल मागे झुकतो. माध्यमाचा हिशोबही आधीच करा: सहा चॅनेल, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे सेकंदाला १३.८ मेगाबिट. ब्लू-रेवर ते सहज बसतं. डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा ९.६ मेगाबिट, म्हणून तिथे एमएलपी या पद्धतीने, दर्जा न गमावता आवळावं लागतं. अ‍ॅटमॉसमध्ये (डॉल्बीच्या, छतावरचे स्पीकरही वापरणाऱ्या स्वरूपात) अ‍ॅपल म्युझिकसाठी सरासरी −१८ एलयूएफएस (जाणवणाऱ्या जोराचं माप) आणि शिखर −१ डीबीच्या वर जाता येत नाही. जुन्या प्रोगला ही मर्यादा सोयीचीच आहे. छतावरच्या स्पीकरांत मात्र वाद्यं ठेवण्याची घाई नको. कोरस आणि प्लेट तिथे शोभतात, हाय-हॅट नाही.

राहिला प्रश्न मल्टिट्रॅक हरवलेल्या गाण्यांचा. जेंटल जायंटच्या पहिल्या तीन अल्बमांतली ज्यांची टेप शिल्लक होती तेवढीच गाणी मल्टिट्रॅकवरून मिक्स करून २०१७ साली एका संचात आली. असा प्रामाणिक अपुरेपणा मला पटतो. आता यंत्र-शिक्षणाने स्टिरिओतून वाद्यं वेगळी काढता येतात. ते वापरायचंच असेल तर एक लक्षात ठेवा: वेगळ्या काढलेल्या भागांतले दोष सगळे भाग एकत्र वाजताना झाकले जातात आणि वेगवेगळ्या स्पीकरांत गेले की उघडे पडतात. झांजांचा वेगळा काढलेला भाग एकटा मागे ठेवलात तर तो पाण्याखालून वाजल्यासारखा येतो. म्हणून ड्रम, बास आणि गायन पुढे एकत्र राहू द्या, मागे फक्त लांब स्वरांची वाद्यं आणि तुम्ही नव्याने घातलेला रिव्हर्ब द्या, आणि प्रत्येक चॅनेल एकटा चालू करून हेडफोनवर ऐका. एकट्याने जे कानाला खुपतं त्याची पातळी किमान ६ डीबी खाली घ्या, नाहीतर ते परत पुढे आणा.